टॅब्लेट चालू, ॲप बंद

दसरा-दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांची पहिली पाने स्मार्टफोन आणि टॅब्लेटच्या जाहिरातींनी व्यापलेली असतात. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडदा किती इंचांचा, रॅम किती, बॅटरी किती क्षमतेची आणि जुना संच परत केल्यास सूट किती, हा सारा तपशील ठळक अक्षरांत छापलेला असतो. दुकानातील संभाषणही याच आकड्यांभोवती फिरते. मात्र यंत्राचे आयुष्य ज्या आकड्यावर अवलंबून असते, तो जाहिरातीत क्वचितच आढळतो. त्या संचाची ऑपरेटिंग सिस्टीम कंपनी किती वर्षे अद्ययावत करीत राहील, हा तो आकडा होय.

घरातील इतर यंत्रांची गोष्ट निराळी असते. मिक्सरची मोटार जळाली तर तिचे वाइंडिंग करून घेता येते. पंख्याचा कपॅसिटर बदलला की तो पुन्हा कित्येक वर्षे फिरतो. टॅब्लेट मात्र न बिघडताच निकामी होतो. काचेवर ओरखडा नसतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते, आवाजही स्वच्छ असतो. आणि एके सकाळी बँकेचे ॲप उघडण्यास नकार देते. दुरुस्त करावे असे त्यात काहीच नसल्याने दुरुस्ती करणाऱ्यालाही हात टेकावे लागतात.

ॲपलचा पहिला आयपॅड हे याचे बोलके उदाहरण. ३ एप्रिल २०१० रोजी तो अमेरिकेत विक्रीस आला आणि टॅब्लेट ही वस्तू खऱ्या अर्थाने बाजारपेठेत रुजली. भारतात तो पोहोचला जानेवारी २०११ मध्ये. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने आयओएस ६ ही नवी आवृत्ती आणली, तेव्हा तीत पहिल्या आयपॅडला स्थान नव्हते. म्हणजे भारतात पहिल्याच दिवशी रांग लावून तो घेणाऱ्याला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. या आयपॅडची रॅम अवघी २५६ एमबी होती. मार्च २०११ मध्ये आलेल्या आयपॅड २ मध्ये ती दुप्पट झाली आणि त्या यंत्राला २०१५ च्या आयओएस ९ पर्यंतच्या आवृत्त्या मिळाल्या. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या दोन भावंडांच्या आयुष्यात एवढी तफावत पडली. नव्या प्रकारच्या यंत्राचा पहिला ग्राहक होण्याची हौस बहुधा अशीच महागात पडते.

निर्मात्याने अंगच काढून घेतले तर अवस्था याहून बिकट होते. एचपी या बलाढ्य कंपनीने पाम ही कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलर मोजून २०१० मध्ये विकत घेतली. तिच्या वेबओएस या प्रणालीवर चालणारा टचपॅड १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. १८ ऑगस्टला, म्हणजे पन्नास दिवसही झाले नसताना, कंपनीने तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. उरलेला माल ९९ डॉलरला निघाला आणि तो घेण्यासाठी झुंबड उडाली. पुढे हौशी तंत्रज्ञांनी कंपनीच्या मदतीविना त्यावर अँड्रॉइड चालवून दाखविले, म्हणून ते संच काही काळ तरले. वेबओएस मात्र एलजीकडे गेली आणि आज ती त्या कंपनीच्या दूरचित्रवाणी संचांत नांदत आहे. ब्लॅकबेरीच्या प्लेबुक टॅब्लेटची कहाणी थोडी वेगळी. त्याला ब्लॅकबेरी १० ही नवी प्रणाली मिळेल, असे आश्वासन देण्यात आले होते; जून २०१३ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. ज्यांनी त्या आश्वासनावर विसंबून खरेदी केली होती, त्यांच्या हाती जुनी प्रणालीच उरली.

आपल्याकडील ‘आकाश’चेही येथे स्मरण होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांच्या हस्ते दिल्लीत या स्वस्त टॅब्लेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता. विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देण्याचा हेतू निःसंशय चांगला होता, आणि टीकाकारांनी बोट ठेवले ते प्रामुख्याने मंद प्रोसेसर व जोराने दाबावा लागणारा पडदा यांवर. त्याहून मूलभूत उणीव प्रणालीत होती. त्यात अँड्रॉइड २.२ ही मे २०१० ची, मुळात फोनसाठी बेतलेली आवृत्ती होती. ती टॅब्लेटसाठी योग्य नाही, असे खुद्द गुगलने २०१० मध्येच सांगितले होते. गुगलचे ॲप-भांडारही त्यात उपलब्ध नव्हते. अनावरणानंतर दोनच आठवड्यांनी गुगलने फोन व टॅब्लेट या दोहोंसाठी अँड्रॉइड ४.० जाहीर केली. म्हणजे पहिला आकाश जन्मतःच जुना ठरला. आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झालेला आकाश-२ अँड्रॉइड ४.० वर चालत होता, त्याचा पडदाही बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देणारा होता. पहिल्या आकाशच्या धारकांना त्याचा उपयोग नव्हता.

नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चढविणे एवढे अवघड का असावे, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलने नवी आवृत्ती काढली म्हणजे ती थेट ग्राहकाच्या हाती पडते, असे होत नाही. फोनमधील मुख्य चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या कंपनीची असते. त्या चिपशी संवाद साधणारे ड्रायव्हर हे छोटे प्रोग्रॅम चिपनिर्मात्याने नव्या आवृत्तीसाठी जुळवून द्यावे लागतात. नंतर फोनची कंपनी त्यावर आपले रंगरूप, आपला कॅमेरा, आपली ॲप चढविते आणि प्रत्येक मॉडेलवर चाचणी घेते. यातील प्रत्येक पायरीला खर्च आहे, आणि एकदा विकून झालेल्या संचातून हा खर्च क्वचितच भरून निघतो. साहजिकच स्वस्त मॉडेलांचा बळी प्रथम जातो. ॲपलमध्ये चिपची रचना, यंत्र आणि प्रणाली एकाच छपराखाली होत असल्याने ही साखळी आखूड आहे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गुगलने चिपशी निगडित भाग उर्वरित प्रणालीपासून अलग केला, तर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही भाग प्ले स्टोअरमार्फत परस्पर सुधारण्याची सोय केली. गाठ त्यामुळे सैल झाली, सुटली मात्र नाही.

साखळीचे दुसरे टोक ॲप तयार करणाऱ्यांच्या हाती असते. जुन्या आवृत्तीसाठी ॲप चालू ठेवायचे तर तिच्यावर स्वतंत्र चाचण्या घ्याव्या लागतात आणि नव्या आवृत्तीतील सुरक्षेच्या सोयी वापरता येत नाहीत. वापरणारे घटले की निर्माता ती आवृत्ती सोडून देतो. व्हॉट्सॲपने १ फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइड २.३.७ व त्याआधीच्या आवृत्त्यांना, तर २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५.० पूर्वीच्या आवृत्त्यांना निरोप दिला. ५ मे २०२५ पासून आयओएस १५.१ पूर्वीच्या आवृत्त्यांवर ते चालेनासे झाले आणि आयफोन ५एस, ६ व ६ प्लस हे संच त्यातून वगळले गेले. आयफोन ६ चे उदाहरण भारतीय ग्राहकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. २०१४ चे हे मॉडेल २०१७ मध्ये कमी किमतीत भारतीय बाजारात पुन्हा मांडण्यात आले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या आयओएस १३ मध्ये त्याला जागा मिळाली नाही. तेव्हा ज्याला ती स्वस्ताई वाटली, त्याने वास्तविक आयुष्याची पहिली तीन वर्षे सरलेला फोन घेतला होता.

ॲप बंद पडणे निदान दिसते तरी. सुरक्षेतील छिद्र दिसत नाही. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने उघडकीस आलेल्या अँड्रॉइडमधील दोषामुळे केवळ एक व्हिडिओ-संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करणे शक्य होते; मालकाने तो उघडण्याचीही गरज नव्हती. त्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गुगलने दरमहा सुरक्षा-सुधारणा देण्याचा प्रघात सुरू केला. ज्या संचाला या सुधारणा मिळत नाहीत, त्यातील जुनी छिद्रे उघडीच राहतात आणि ती कोठे आहेत याची माहिती मात्र जगजाहीर असते. ज्या फोनवरून भाजीवाल्यालाही यूपीआयने पैसे दिले जातात, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही.

टॅब्लेटला याखेरीज आणखी एक व्याधी आहे. फोनसाठी लिहिलेली ॲप मोठ्या पडद्यावर ताणून दाखविली जातात आणि त्यासाठी स्वतंत्र रचना करण्याचे कष्ट अनेक निर्माते घेत नाहीत. व्हॉट्सॲपचे आयपॅडसाठीचे ॲप मे २०२५ मध्ये आले, तर इन्स्टाग्रामचे सप्टेंबर २०२५ मध्ये. आयपॅडला तोवर पंधरा वर्षे झाली होती! टॅब्लेट घेताना ‘फोनवर चालते ते यावरही चालेलच’ हा समज म्हणूनच तपासून घ्यावा.

अलीकडे परिस्थिती पालटू लागली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन व टॅब्लेटसाठी नवे नियम लागू झाले असून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा उपलब्ध ठेवणे त्यानुसार निर्मात्यांवर बंधनकारक आहे. बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही मूळच्या ८० टक्के क्षमता राखावी, असेही हे नियम सांगतात. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. ते पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याचा भर सुटे भाग आणि दुरुस्ती यांवर आहे.

आश्वासनातील वर्षे मोजताना एक मेख असते. ती साधारणतः मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजली जातात, ग्राहकाच्या पावतीवरील तारखेपासून नव्हे. चार वर्षांचे आश्वासन असलेला टॅब्लेट दोन वर्षांनी सणाच्या सवलतीत घेतला तर हाती उरतात ती दोनच वर्षे. सवलतीचे मोल या हिशेबाने करावे. बारा हजारांचा टॅब्लेट दोन वर्षे टिकणार असेल आणि वीस हजारांचा पाच वर्षे, तर पहिल्याचा खर्च वर्षाला सहा हजार पडतो आणि दुसऱ्याचा चार हजार. नूतनीकरण केलेले जुने फोन घेताना तर मॉडेलचे जन्मवर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

स्वतःच्या संचाची स्थिती पाहणे अवघड नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील फोनविषयक माहितीच्या पानावर सुरक्षा-सुधारणेची तारीख दिलेली असते. ती काही महिन्यांपूर्वीची असेल तर नवा अपडेट आला आहे का ते पाहावे. वर्षापूर्वीची असेल आणि नवा अपडेट मिळत नसेल, तर त्या यंत्रावरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार थांबविणे इष्ट. असा टॅब्लेट लगेच भंगारात काढण्याचे कारण मात्र नाही. त्यातील बँकेची ॲप व महत्त्वाची खाती काढून, यंत्र मूळ स्थितीला आणून, ई-पुस्तके वाचण्यास, आधीच साठविलेली गाणी ऐकण्यास किंवा स्वयंपाकघरात पाककृती पाहण्यास तो आणखी काही वर्षे सहज चालू शकतो. दुकानातील नव्या संचावरही हेच पान उघडून पाहता येते, आणि तेथे दीड वर्षापूर्वीची तारीख दिसली तर विक्रेत्याला कारण विचारण्यास संकोच करू नये.