आर्म : शब्द एक, घराणी दोन

फौजेत दोन अनोळखी अधिकारी भेटले की प्रश्न ठरलेला, "तुमची आर्म कोणती?" उत्तर येतं, इन्फन्ट्री किंवा तोफखाना. ऐकणाऱ्याला वाटतं, हा हाताचाच अर्थ पुढे ताणलाय. तसं नाही.

शरीराचा आर्म, म्हणजे बाहू, हा जुन्या इंग्रजीतला शब्द. संस्कृतातला 'ईर्म' त्याचा भाऊबंद. शस्त्र या अर्थाचा आर्म्स मात्र लॅटिन 'आर्मा'वरून फ्रेंचमार्गे आला. आर्मी, आर्माडा त्याच घरातले. फौजेची आर्मही तिथलीच. अलार्म ही तर मुळात इटालियन हाक : शस्त्रं घ्या!

पणजोबा मात्र एकच असावेत. 'जोडणं, बसवणं' अशा अर्थाच्या एकाच प्राचीन धातूकडे भाषातज्ज्ञ दोन्ही शब्द नेतात.

आमच्या कवायतीत हुकूम असे, "बाजू शस्त्र!" त्यातला बाजू फारसी, अर्थ दंड; आपल्या 'बाहू'चा नातलग. बाजूबंदात तो आजही दिसतो.

निवृत्त होताना शस्त्र परत केलं, हात बरोबर घेऊन आलो. लढाईत हात गमावलेला जवान भेटतो, तेव्हा या दोन अर्थांतलं अंतर कळतं. शस्त्र दुसरं मिळतं.