खंडेनवमी, झेंडूची माळ आणि लोखंडाचा गंज

पांडवांनी अज्ञातवासापूर्वी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेविली, ही कथा दसऱ्याच्या कीर्तनात आम्ही किती वेळा रंगविली असेल, याची गणती नाही. शस्त्रे बांधावयास झाडावर चढला तो नकुल. मोडणार नाहीत अशा बळकट जागा आणि पावसाचे पाणी पोहोचणार नाही असा आडोसा पाहून त्याने ती बांधिली, असे विराटपर्वात स्पष्ट सांगितले आहे. या तपशिलावरून आम्ही वर्षानुवर्षे घाईने पुढे जात होतो. त्याचे मोल कळले ते घाटकोपरच्या एका गाळ्यात.

लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या त्या गाळ्यात खंडेनवमीस आमचे कीर्तन होते. लेथला हळदकुंकू वाहिले, ओल्या झेंडूची माळ घातली आणि नारळ यंत्रावरच वाढविला. तो आमच्याच हातून वाढविलेला. एकादशीपर्यंत काही हलवावयाचे नाही, असा मालकांचा दंडक. तिसऱ्या दिवशी निरोप घ्यावयास गेलो, तर वृद्ध मिस्त्री माळ उचलून खाली पाहत उभे होते. कॅरेज ज्या गुळगुळीत पृष्ठावर सरकते, तेथे माळेच्या आकाराचा तांबूस पट्टा उमटला होता. ते एवढेच म्हणाले, "बुवा, देवाचं फूल. बोलणार कुणाला?" तेल आणि अतिशय बारीक पॉलिश पेपर घेऊन त्यांनी तो पुसला, फिकट सावली मात्र राहिली.

आमच्या पंढरपुराकडील कोरड्या हवेत कोयता ओसरीवर महिनाभर पडला तरी फारसे बिघडत नाही. अंधेरी, मरोळ, मुलुंड येथील गोष्ट निराळी. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की तो धावतच येतो. त्यासाठी धातूवर पाणी सांडावेच लागते असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांवर गेली की डोळ्यांस न दिसणारा ओलावा पुरतो, आणि पावसाळ्यात उपनगरांत ती ऐंशीच्याही पुढे असते. शिवाय गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड पोखरत जातो. नारळाच्या पाण्यातही क्षार असतात, हे आम्हांस त्या दिवशी नव्याने उमगले.

मिस्त्रींची दिनचर्या आम्ही नंतर मुद्दाम विचारून घेतली. रविवारी बंद असलेल्या गाळ्याचे शटर सोमवारी उघडले की बाहेरची दमट हवा थंड पडलेल्या बिडावर दहिवरासारखी जमते. म्हणून चहाच्याही आधी यंत्रे कोरडी पुसावयाची. संध्याकाळी किस झाडून तेलाचा पातळ हात फिरवावयाचा. मायक्रोमीटर हाताळून झाला की घामाची बोटे पुसून, तेल लावून मगच पेटीत. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचे माप घेणाऱ्या उपकरणास गंजाचा ठिपकाही सोसत नाही. हत्यारे गोणपाटात गुंडाळणे त्यांस नामंजूर, कारण गोणपाट ओल शोषून धरते. कपाटात ते पूर्वी लहानसा पिवळा बल्ब अखंड जळता ठेवीत. आतली हवा किंचित उबदार राहिली की दव बसत नाही. आजचे एलईडी दिवे तेवढी ऊब देत नाहीत, म्हणून आता ते सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात आणि त्या वरचेवर तापवून कोरड्या करतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा साकीनाका परिसरातही पाणी भरले होते. पुराचे पाणी ओसरल्यावर यंत्र नुसते वाळत ठेवणे ही मोठीच चूक. आधी वीज तोडावी, मग स्वच्छ पाण्याने चिखल धुवावा, लगेच कोरडे करावे आणि तेल द्यावे.

ही दक्षता आमच्या पूर्वजांस परकी नव्हती. सुश्रुताने शस्त्रांची धार टिकावी म्हणून सावरीच्या लाकडाचा फलक सांगितला आहे. घरच्या विळीस नि अडकित्त्यास धुऊन, पुसून खोबरेलाचे बोट पुरते. शिलाई यंत्रास मात्र ते घालू नये. खोबरेल थंडीत थिजते, कालांतराने खवट होऊन आम्लही धरते. तेथे यंत्राचेच तेल हवे.

आता पूजेविषयी. चित्रातील देवास स्नान घालावयाचे तर ते आरशातील प्रतिबिंबास घालतात. मग यंत्रावर पाणी शिंपडण्याचा हट्ट कशास? आणि निर्माल्य दुसऱ्या सकाळी उतरविणे हाही पूजेचाच भाग आहे. हे आम्ही त्या मालकांस पुढील वर्षी सांगितले. ते थोडे रुसले, मग मानले.

तेव्हापासून तेथे नवमीस आधी यंत्रांस तेलाचा हात फिरतो. पाट यंत्रापुढे मांडतात. त्यावर सुपारी, कुंकू, फुले. माळ वर तुळईस बांधतात, आणि नारळ उंबऱ्याबाहेर, दगडावर. तो अजून आम्हीच वाढवितो. मिस्त्री मात्र चिंधी घेऊन शेजारी उभे असतात.