नकळत सुटणारी दारू

परवा दुपारी शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या, त्या हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊनच. घड्या पडून पडून ते कापडासारखे मऊ झाले होते. वर ठळक अक्षरांत छापले होते, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ पूड आमटीत घाला, चहात घाला. त्याला पत्ताही लागणार नाही!

“भाऊजी, मागवू का?” त्यांनी विचारले. खरे म्हणजे मागवायचे त्यांच्या मनाने ठरलेच होते. बारा वर्षे नवऱ्याच्या ऑफिसात ‘ह्यांना ताप आहे’ असे कळवून कंटाळलेल्या बाईला दुसरे काय सुचणार?

अशा पुडीत नेमके काय असते ते विकणाराच जाणे. पण दारूशी वाकडे असणारे एक खरे औषध आहे, डायसल्फिराम. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक त्याच्याकडे जंतांवरचे औषध म्हणून पाहत होते. स्वतःवरच प्रयोग करून बघितला, आणि नंतर थोडीशी दारू घेताच दोघांचीही प्रकृती बिघडली! 1948 साली ही हकीगत प्रसिद्ध झाली. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. आमटीतून चोरून नव्हे.

“मग चार दिवस खोलीत कोंडून ठेवते!” वहिनी म्हणाल्या. हा उपाय तर पुडीहूनही धोक्याचा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की हात कापतात, झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसती माणसे दिसू लागतात. हे पहिले दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच जायला हवेत.

मग जावे कुठे? केंद्रांची उणीव नाही. पाट्या पुष्कळ आहेत. पण पाटी वाचून मुलीचे स्थळ ठरवतो का आपण? तिथे जाऊन चौकशी करावी. रात्री डॉक्टर मिळतो का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण, साखळदंड असला प्रकार दिसला तर उंबऱ्यावरूनच परतावे. साखळीने बांधणे त्या कायद्याने निषिद्धच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: माणूस घरी परतल्यावर पुढे काय?

पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे मला कौतुक वाटते ते इथेच. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी दिलेल्या देणगीच्या बळावर 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी हे काम उभे केले. तिथे रोग्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. दारू पितो एक, आणि आजारी पडते सगळे घर, हे ज्यांना उमगले त्यांनाच हे सुचावे. अमेरिकेत 1935 साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले, त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ निघाली. तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. फी नाही, आडनावाची चौकशी नाही. घरच्यांसाठी 1951 पासून ‘अल-अनॉन’ आहे.

“आणि पुन्हा प्यायले तर?”

पितात पुष्कळ जण. मधुमेही माणूस एकदा जिलबी खातो म्हणून त्याचा डॉक्टर बंद करतो का आपण? पुन्हा न्यायचे.

वहिनी गप्प बसल्या. मग त्यांनी सरकारी मदतवाणीचा 14446 हा क्रमांक त्याच कात्रणाच्या पाठीवर लिहून घेतला. चहा मात्र तसाच गार झाला.

आठवड्याने जिन्यात भेटल्या. कात्रण टेबलावरच राहिले होते, ते ह्यांनी वाचले म्हणे. दोन्ही बाजूंनी.

“काय म्हणाले?”

“रागावले आधी. मग रात्री विचारलं, ‘तू येशील का बरोबर?’”