‘साठी बुद्धी नाठी’ : एक म्हण आणि एक आजार

आजोबांनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला किंवा आजीने नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, की घरातले हसून म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी’. कोल्हापूर शहरात काय किंवा जवळच्या गडमुडशिंगीत काय, विषय बहुधा तिथेच संपतो. आमच्या मते या म्हणीने बरेच नुकसान केले आहे. वयाबरोबर थोडा विसराळूपणा येतो हे खरे. पण बुद्धी नाहीशी होणे हा वयाचा नियम नव्हे, तो आजार आहे. अशा आजारांना मिळून स्मृतिभ्रंश म्हणतात आणि त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे अल्झायमर.

मेंदूत काय घडते?

१९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाच्या बाई दाखल झाल्या. त्यांना नाव लिहायला सांगितले तर त्या मध्येच अडत. त्यांचे वय होते ५१; म्हणजे साठीला अजून नऊ वर्षे होती! १९०६ मध्ये त्या वारल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना दोन गोष्टी आढळल्या : चेतापेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. पुंजके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुढे कळले. ही साठवण लक्षणे दिसण्याच्या दहा-वीस वर्षे आधीच सुरू होते. हळूहळू पेशींमधील संदेशवहन बिघडते आणि पेशी मरू लागतात.

नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर कपाटातले जुने हजेरीपट शाबूत असतात, पण आजची हजेरी लिहिणारा कारकूनच आजारी पडतो. म्हणून रुग्णाला लग्नातले मानपान आठवते आणि सकाळी जेवल्याचे आठवत नाही. पुढे जुने हजेरीपटही विरू लागतात.

ओळखायचे कसे?

स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांत तारीख विचारतात, कागदावरचे वाक्य वाचून तसे करायला सांगतात. आता गडमुडशिंगीतील एका सत्तरीच्या आजींची कल्पना करू. त्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत. या चाचणीत त्या पूर्ण निरोगी असूनही नापास होतील. हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी तयार केली, तेव्हा हीच अडचण होती. ‘डोळे मिटा’ असे लिहिलेला कागद दाखवण्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याला तसेच करायला सांगायचे, असा साधा तोडगा त्यांनी काढला. आपण जे शिकवले नाही ते परीक्षेत विचारू नये, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

खरा प्रश्न असतो तो, ‘पूर्वी जमत असलेले आता जमत नाही का?’ असा. या आजी डेअरीत घातलेल्या दुधाचा दहा दिवसांचा हिशेब तोंडी ठेवत असतील, तर एखाद्या दिवशीचे लिटर विसरणे किरकोळ आहे. पण हिशेबच लागेनासा झाला, दरवर्षी घातलेल्या चटणीचा क्रम चुकू लागला, डेअरीतून घरी येण्याची वाट सापडेना, तर डॉक्टरांकडे जायला हवे.

जाण्याचे दुसरेही कारण आहे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधे, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, यांमुळेही माणूस असाच वागू शकतो. आणि यांतले बरेच उपचारांनी सुधारते. म्हण उच्चारून आजींना घरी बसवले, तर ही संधी हुकते. कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय गडमुडशिंगीपासून फार दूर नाही. फोनवरून सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक आहे.

उपचारांची मर्यादा आणि बळ

अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. आठवणींच्या कामी लागणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन रुग्णाच्या मेंदूत कमी पडते. डोनेपेझिलसारख्या गोळ्या त्याचे विघटन रोखतात. त्यांनी काही काळ लक्षणे सौम्य होतात. आजार मात्र पुढे सरकतच राहतो. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांवर झालेल्या दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. पण ते महाग आहे आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

तेव्हा मोठा उपचार घरातच असतो. रुग्णाशी वाद घालू नये. वस्तूंच्या जागा आणि दिनक्रम बदलू नये. खिशात नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. जमेल ते काम, मग ते शेंगा फोडण्याचे का असेना, करू द्यावे. हा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो; तिलाही सुट्टी मिळायला हवी. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. विद्वत्ता गेली तरी माणूस उरतो, हे त्यातून उमजते. शिक्षकांनी तो जरूर पाहावा.

शाळेचा संबंध

भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, धूम्रपान, एकाकीपणा आहेत, आणि लहानपणी मिळालेले अपुरे शिक्षणही आहे. शिकण्यातून मेंदूत जणू शिल्लक साठते. पुढे काही पेशी गमावल्या तरी त्या शिलकीवर काम बराच काळ चालते.

आजच्या आज्यांना शाळा मिळाली नाही, ते आता बदलता येणार नाही. पण सातवीनंतर शाळा सोडू पाहणारी मुलगी आपल्याच वर्गात बसलेली असते. तिच्या पालकांना समजावायला जाल, तेव्हा नोकरी आणि लग्न यांच्या जोडीला हेही सांगा : आज ती जे शिकेल, ते तिच्या सत्तरीत तिच्या कामी येईल.