साठ रुपयांचा छंद

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की जमिनीवर पोतं अंथरून बसलेले विक्रेते लागतात. पोत्यावर कुलपं, नेलकटर, सुया, किल्ल्यांच्या रिंगा आणि मधोमध घडीचे चाकू. कुणाची मूठ लाल प्लास्टिकची, कुणाची लाकडाची, कुणाची मासोळीच्या आकाराची पितळी. एक उचलला, उघडला, मिटला.

‘‘कितलाले शे हाऊ?’’

‘‘साठले.’’

साठ रुपये देऊन चाकू घरी आणला. आईने तो पाहिला आणि कपाळाला हात लावला. ‘‘आते चाकू कशाले? कोनासंगे भांडाले जाई ऱ्हायना?’’

आईचं काही चुकलं नव्हतं. पेपरात चाकू दिसतो तो गुन्ह्याच्या पानावर. मोबाईलवर दिसतो तो भाईगिरीच्या रीलमध्ये. पण आमच्याच घरात आबांच्या बंडीच्या खिशात आयुष्यभर एक घडीचा चाकू राहिला. ठिबकची नळी कापायची, कांद्याच्या गोणीची सुतळी तोडायची, ऊस सोलायचा, बांधावर बसून पेरू चिरायचा, सगळं त्याच चाकूने. त्या चाकूमुळे आबांना कुणी कधी गुंड म्हटलं नाही. आता त्याचं पातं घासून घासून निम्मं उरलंय आणि खिळा ढिला झालाय. तो दुरुस्त करायचा म्हणून आधी बाजारातल्या स्वस्त चाकूवर हात बसवावा, एवढाच विचार होता. त्यातून छंद लागला. आता डब्यात नऊ चाकू आहेत आणि सगळे मिळून एका बऱ्या बुटाच्या किमतीत बसतात!

बदनामीची किंमत

स्वस्त घडीचा चाकू जगात जवळपास सगळीकडे आहे. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये बीच लाकडाच्या मुठीचा साधा चाकू बनवला. तो शेतकऱ्यांसाठी, गुराख्यांसाठी होता. १९५५ मध्ये त्याला पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी बसवली गेली. बाकी रूप फारसं बदललं नाही. आजही तो चाकू पाव आणि चीज कापायला लोकांच्या खिशात असतो.

जपानचं उदाहरण मात्र विचार करायला लावतं. तिथे मिकी या लोहारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात १८९० च्या दशकात ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू तयार झाला. एकच पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक खिळा, बस्स. शाळकरी मुलं त्यानेच पेन्सिलीला टोक काढायची. १९६० नंतर मुलांच्या हातात चाकू नको, अशी मोहीम तिथे जोरात चालली. मागणी आटली, कारखाने एकामागून एक बंद पडले. आज त्या नावाने अधिकृतपणे चाकू बनवणारी एकच कार्यशाळा उरली आहे.

आपल्याकडे रामपूरचं तेच झालं. उत्तर प्रदेशातल्या या गावचे कारागीर नवाबांच्या काळापासून नावाजलेले. पण हिंदी सिनेमाने ‘रामपुरी’ खलनायकाच्या हातात दिला आणि कारागिरीऐवजी दहशतीचीच ओळख पक्की झाली. पुढे लांब पात्यांवर निर्बंध आले, बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारागीर घटत गेले. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात तब्बल वीस फुटी चाकू उभारला गेला. चाकूचं स्मारक झालं, पण तो बनवणारे हात मोजकेच राहिले.

म्हणजे बघा, वस्तू सगळीकडे जवळपास सारखीच. एका ठिकाणी ती जेवणाच्या टेबलाशी जोडली गेली आणि टिकली. दुसरीकडे ती भीतीशी जोडली गेली आणि तिच्यासोबत कारागीरही मागे पडला. म्हणून चाकूचा छंद करायचा तर पहिली अट हीच, की अवजाराला अवजारच राहू द्यायचं.

उघडून तर बघा

घडीच्या चाकूत मुळात असतं काय? पातं, मुठीच्या दोन फळ्या आणि त्यांना आरपार धरणारा खिळा. अगदी साध्या चाकूत पातं फक्त खिळ्याच्या घर्षणावर थांबतं. जरा बऱ्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, म्हणून उघडताना आणि मिटताना ‘टक’ असा आवाज येतो. लक्षात ठेवा, हे कुलूप नव्हे. टोकाने भोक पाडायला गेलात तर पातं मिटून बोटांवर येऊ शकतं.

विकत घेताना तीन गोष्टी बघायच्या. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलतं का? मिटल्यावर ते मुठीच्या मधोमध बसतं की एका बाजूला घासतं? आणि टोक बाहेर डोकावतं का? स्टेनलेस आहे की साधं पोलाद, हे चुंबकाने कळत नाही, कारण चाकूचं बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. घरी आल्यावर कैरी किंवा लिंबू कापा. साधं पोलाद काळसर-निळसर पडतं. तो डाग म्हणजे खराबी नाही. पुसून, कोरडं करून, तेलाचा हात फिरवत राहिलात तर तो थर तांबड्या गंजाला थोडाफार अडवतोच.

चुकत चुकत शिकलो

पहिल्याच चाकूचं मी वाटोळं केलं. धार लवकर यावी म्हणून वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर पातं धरलं. ठिणग्या भारी उडाल्या आणि कड निळी पडली. लोहार पोलाद तापवून विझवतो, त्याला आपल्याकडे ‘पाणी देणं’ म्हणतात. पातं निळं पडेपर्यंत पुन्हा तापलं की ते पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. रस्त्याकडेला भाता लावून विळे-कुऱ्हाडी घडवणाऱ्या एका घिसाडीकाकांना ते दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि हसून म्हणाले, ‘‘घाई नडली.’’ ते स्वतः ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादातून विळा काढतात. पोलादाचा रंग बघून ते किती तापलंय हे त्यांना कळतं. एवढं ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही.

तेव्हापासून धार हातानेच लावायची, कुरुंदाच्या दगडावर. कोन कसा धरायचा? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. सुरुवातीला तेवढा कोन पुरे. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखर जाणवते. मग पातं उलटायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार उलट्या दिशेने ओढायची. वहीचा कागद न फाटता सरळ कापला गेला की जमलं!

खरी मजा मुठीत आहे. प्लास्टिकची मूठ काढायची तर खिळ्याचं डोकं कानशीने घासून खिळा ठोकून बाहेर काढावा लागतो. सुताराकडे सागाचे, शिसवीचे, बाभळीचे तुकडे पडलेले असतात, तेच मागून आणायचे. जुन्या फळीचा नमुना ठेवून कापायचे, भोक पाडायचं आणि पितळी सळईचा तुकडा घालून दोन्हीकडून हलक्या हातोडीने चेपायचा. जास्त चेपला तर पातं उघडत नाही, कमी चेपला तर लटपटतं. माझे दोन चाकू याच पायरीवर वाया गेले. मग पॉलिश पेपर २२० नंबरचा, नंतर ४००, नंतर ८००. त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाचा फडका मात्र बोळा करून टाकू नका, सुकताना तो आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.

जुन्या बाजारात कधी शिंगाच्या मुठीचा चाकू दिसेल. एकेकाळी इंग्लंडच्या शेफील्डमधल्या चाकूंनाही भारतातल्या सांबराच्या शिंगाच्या मुठी असायच्या. आज हरणा-सांबराच्या शिंगांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मोह आवरा.

खिशात की डब्यात?

कायद्याचं सरळ बोलू. केंद्राच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आपले चाकू तीन इंचांचे, म्हणून निर्धास्त व्हायचं का? नाही. सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघतात आणि तेव्हा चाकू जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या तर वाटेलाच जाऊ नका. कॉलेज, परीक्षा, बस, जत्रा, कुठेच चाकू न्यायचा नाही. आणि चाकू हातात घेऊन रील? अजिबात नाही. चाकू दाखवायचाच असेल तर टेबलावर ठेवून मुठीचा फोटो काढा.

रोजच्या साध्या वस्तूंचा संग्रह किती मोठा होऊ शकतो हे बघायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथले अडकित्ते प्रसिद्ध आहेत. सुपारी कातरायचं हे अवजार, त्यावर किती हातांनी किती जीव ओतलाय! त्यातले कितीतरी कुणाच्या तरी घरच्या पानाच्या तबकात रोज वापरात असणार.

आबांचा चाकू शेवटी दिवाळीच्या सुट्टीत हातात घेतला. पातं बदललं नाही, निम्मं उरलेलं तेच ठेवलं. नवा पितळी खिळा बसवला आणि बांधावरच्या वाळलेल्या बाभळीची मूठ केली. आबांनी तो उघडला, मिटला, परत उघडला. मग एक पेरू मागवला आणि चार फोडी केल्या. ‘‘धार बरी शे,’’ म्हणाले, आणि चाकू बंडीच्या खिशात टाकला. एक फोड आईने खाल्ली. काही बोलली नाही.

सुरुवात करायचीय?

• पहिला चाकू स्वस्तातला घ्या, चुकला तरी वाईट वाटणार नाही.
• साहित्य: कानस, कुरुंदाचा दगड, पॉलिश पेपर, छोटी हातोडी, पितळी सळई.
• मुठीचं काम करताना पात्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा. घासताना मास्क लावा.
• काम झाल्यावर चाकू पुसून, तेल लावून, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा डब्यात ठेवा.
• अडलं तर गावातल्या लोहाराला, सुताराला विचारा. शिकवताना त्यांनाही बरं वाटतं.