पदवीच्या अनेक वाटा आणि वाटाड्या



हिंगोलीसारख्या गांवीं महाविद्यालयांत नांव घालतांना पूर्वीं एकच प्रश्न महत्त्वाचा असे : कला, वाणिज्य कीं विज्ञान? त्याचें उत्तर दिलें कीं पुढील तीन वर्षांचा मार्ग बहुतांशीं आंखलेला असे. विद्यार्थ्यास सल्ला देणें म्हणजे त्याचा अर्ज नीट भरून घेणें, एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणीं उरला होता.

ती सोपी व्यवस्था आतां पालटली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना आली. हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयें १९९४ सालीं स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत येतात; तेव्हां हा बदल त्यांच्याही दारीं आला आहे.

नव्या रचनेंत मुख्य विषयाबरोबर जोडविषय, दुसऱ्या शाखेंतील ऐच्छिक विषय आणि कौशल्याचे अभ्यासक्रम असतात. प्रत्येकाचें मोल श्रेयांकांत मोजतात. वर्गांतील सुमारें पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक. चाळीस श्रेयांकांस प्रमाणपत्र, ऐंशींस पदविका, एकशेंवीसांस पदवी आणि चौथें वर्ष करून एकशेंसाठ मिळविल्यास ऑनर्स पदवी, असे हे टप्पे आहेत. मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्यें सुरू झालेल्या श्रेयांक-पेढींत जमा राहतात.

आतां समजा, सेनगांवकडील एखाद्या मुलीस घरच्या अडचणीमुळें पहिल्या वर्षानंतर थांबावें लागलें. पूर्वीं तिच्या हातीं गुणपत्रिकेवांचून कांहीं नसे. आज प्रमाणपत्र मिळूं शकतें. परंतु त्यासाठीं चार श्रेयांकांचें जादा कौशल्यशिक्षण पुरें करावें लागतें. आणि परत यावयाचें तर तीन वर्षांच्या आंत यावें, एकंदर सात वर्षांत पदवी संपवावी, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यांतील मर्यादा आहे. हें तिला वेळेवर कोणीं सांगितलें नाहीं, तर बाहेर पडण्याची सवलत म्हणजे शिक्षण कायमचें सुटण्याची वाट ठरेल. बाहेरचा दरवाजा तर सर्वांस दिसतो. परतीचा दाखवावा लागतो.

म्हणूनच मार्गदर्शक प्राध्यापकाचें काम आतां प्रवेशाच्या आठवड्यापुरतें राहिलेलें नाहीं. प्रत्येक सत्रांत त्यानें विद्यार्थ्याचा हिशेब पाहिला पाहिजे. एका शिक्षकावर शंभर मुलांचा भार टाकून मात्र हें साधणार नाहीं. शिवाय, विषय यादींत आहे पण शिकविणारा नाहीं, अशी स्थिति असेल तर निवडीचें स्वातंत्र्य नांवापुरतेंच उरतें.

पालकांनींही तीन गोष्टी विचारून घ्याव्या : हा जोडविषय पुढें कोठें उपयोगी पडेल? मधेंच थांबल्यास हातीं काय राहील? आणि परतण्याची मुदत कोणती? ज्या घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारें हें पहिलेंच मूल असेल, तेथें हे प्रश्न विचारणारें कोणी नसतें. त्या घराच्या वतीनें ते शिक्षकानेंच विचारावयाचे आहेत. वाटा वाढल्या, म्हणजे वाटाड्याची गरज संपत नाहीं, ती वाढते.