कमोड शेवटी, जमीन आधी

घरात कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं आणि मग जुना भारतीय पद्धतीचा संडास काढून कमोड बसवायचा विषय निघतो. घरदुरुस्तीची माझ्याकडे येणारी बरीचशी कामं अशीच सुरू होतात. घरात संडास एकच, ऑपरेशन पंधरा दिवसांवर, आणि डॉक्टरांनी आजींना उकिडवं बसायला मनाई केलेली. मंडळी दुकानात जातात, पांढराशुभ्र पॉट पसंत करतात, झाकण आवाज न करता मिटतं की नाही तेही पाहतात. जमिनीच्या आत काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. श्रोतेहो, या कामात बिघडतं ते नेमकं तिथेच.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत संडासाचा स्लॅब बहुधा इतर खोल्यांपेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. भारतीय पॉट आणि त्याखालचा वळणदार ट्रॅप त्या खोलगट जागेत मावतो, उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि सिमेंटने भरून वर फरशी येते. या वळणाला कमी लेखू नका. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. वळणात साठून राहिलेलं दोनेक इंच पाणी गटाराची दुर्गंधी घरात येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. कमोडमध्ये हे वळण पॉटच्याच पोटात असतं. म्हणून जुना ट्रॅप तसाच ठेवून वर कमोड चढवला, तर एकापाठोपाठ दोन वळणं होतात, मधल्या मधे हवा कोंडते आणि मैला अडतो. ‘फोडाफोड नको, एका दिवसात बसवून देतो’ म्हणणारा कारागीर बहुधा हेच करणार असतो. त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

जमिनीवर बसणारे कमोड दोन तऱ्हांचे. एस ट्रॅपचं पाणी खाली जमिनीत उतरतं, पी ट्रॅपचं मागे भिंतीत जातं. एस ट्रॅपमध्ये भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. बाजारात साधारणपणे ४, ९ आणि १२ इंचांचे पॉट मिळतात. ही भिंत म्हणजे टाइल लागल्यानंतरची भिंत, आणि सगळी गोम इथेच आहे. एका घरी मला बोलावलं तेव्हा सगळं काम होऊन फक्त पॉट बसायचा राहिला होता, आणि तो बसत नव्हता. आधीच्या कारागिराने नुसत्या विटांच्या भिंतीपासून ९ इंच मोजून पाइप काढला होता. मग प्लॅस्टर आलं, टाइल आली, दीड इंच त्यांनी खाल्लं. राहिले साडेसात. अंतर इंचभर जास्त असतं तर पॉटमागे फट राहिली असती, दिसायला वाईट पण चाललं असतं. कमी पडलं की पॉट भिंतीला टेकतो आणि भोकावर येतच नाही. नवी फरशी फोडावी लागली. घरातले आजोबा तोवर काठी टेकत शेजाऱ्यांकडे जात होते. पी ट्रॅपमध्ये हाच घोळ उंचीचा होतो. पाइपचा मध्य फरशीपासून सुमारे ७ इंचांवर लागतो, आणि तीही नवी फरशी लागल्यानंतरची. म्हणून पॉट आधी विकत आणा, खोक्यातून बाहेर काढा आणि प्लंबरला त्याच्यावरच टेप लावायला सांगा.

फोडाफोड सुरू झाली की पाइपचं तोंड टोपण लावून बंद करा. नाहीतर विटांचा चुरा इमारतीच्या सामाईक पाइपात जातो आणि तळमजल्यावरचे लोक तुमच्या नावाने शंख करतात. नव्या पाइपाला दर फुटाला पाव इंच ढाळ हवा. तो पाणसळ लावून पाहा, नजरेवर सोडू नका.

मग वॉटरप्रूफिंग. त्यातली औषधं कुठली वापरावीत यावर दुकानदार तासभर बोलतील, मी बोलत नाही. मी एकच गोष्ट सांगतो. टाइल लावण्याआधी तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढा आणि ४८ तास ठेवा. अधूनमधून खालच्यांची बेल वाजवून त्यांचं छत पाहून या. कंत्राटदार इथे घाई करतो, कारण हे दोन दिवस त्याचे मजूर रिकामे बसतात. तुम्ही ऐकू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. तुमच्या संडासातून खाली पाणी झिरपलं तर तो खर्च तुमचा. आणि खर्चापेक्षाही वाईट म्हणजे जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसाशी धरलेला अबोला.

पॉट बसवताना त्याच्या पोटाखाली सिमेंट ठासून भरायची आपल्याकडे जुनी सवय आहे. तसं केलं की पुढे तो फुटल्याशिवाय निघत नाही. रबरी वायसर घालून स्क्रूने बसवावा, स्क्रू बेताने आवळावेत, कारण चिनी माती दाब सोसत नाही. कडेने सिलिकॉन भरताना मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवा, म्हणजे आत गळलं तर पाणी बाहेर येऊन दिसेल.

ज्यांच्यासाठी हे सारं करायचं त्यांना एकदा खुर्चीवर बसवून गुडघ्यामागची उंची मोजा. ठेंगण्या आजींना १८ इंची पॉट दिला तर त्यांचे पाय अधांतरी राहतात. जुन्या संडासाची पायरी काढून टाका, हाताला धरायचा दांडा विटांच्या भिंतीत पक्का बसवा, दार बाहेर उघडेल असं करा. आठ-दहा दिवस सहज लागतात, तेव्हा हे काम ऑपरेशनच्या आधी संपवा. आणि पॉट बसल्यावर निदान २४ तास त्यावर कुणी बसायचं नाही. त्या दिवसापुरतं शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.